कुमारी केट मार्स्डेन

लंडनजवळील एडमंटन येथे १८५९ साली जन्मलेल्या केट मार्स्डेन बाई व्यवसायाने परिचारिका होत्या. रशिया-तुर्कस्तान युद्धांत बल्गेरियांत जखमींची शुश्रूषा करीत असतां त्यांनी महारोग्यांची दैना पाहिली व त्यांच्यासाठी झिजण्याचा निश्चय केला. सैबेरियांतील विल्युइस्क भागांत असे रोगी गांवाबाहेर अरण्यांत एकाकी राहतात, हे कळतांच त्यांनी तिकडे जाण्याचे ठरविले.

१८९१ च्या फेब्रुवारींत त्या मॉस्कोहून निघाल्या. अंगावर कपड्यांचे इतके थर होते की, त्यांस उचलूनच बर्फावरील घसरगाडींत बसवावे लागे. शिदोरीस ४० रत्तल पुडिंग होते! सोबतीस ॲडा फील्ड ही मैत्रीण दुभाषी म्हणून होती. परंतु प्रकृति ढासळल्याने ओम्स्कहूनच तिला परतावे लागले. बाई मात्र थांबल्या नाहीत. लेना नदीने त्या याकुत्स्कला पोहोंचल्या. तेथून दलदल, डांस व जळती जंगले सोशीत जातायेतां सुमारे २००० मैल त्यांनी घोड्यावरून काटले, आणि झोपड्यांत खितपत पडलेल्यांस भेटून त्यांची विचारपूस केली.

परत आल्यावर त्यांनी वर्गणी जमविली. १८९७ साली विल्युइस्कजवळ महारोग्यांचे रुग्णालय उघडले. स्वदेशीं मात्र त्यांच्या हेतूविषयी पुष्कळांनी शंका घेतल्या, आणि १९३१ साली त्या निवर्तल्या तेव्हां जग त्यांस बहुतेक विसरले होते.

ओम्स्कपर्यंतच गेलेल्या त्या मैत्रिणीचीहि आठवण आम्हांस येथे होते. सत्कार्याच्या वाटेवर चार पावलेंच सोबत घडली, तरी तीहि वाया जात नाही.