नको म्हटलेले चित्र

बॉस्टनच्या कार्ल हॉर्नर या छायाचित्रकाराने विसाव्या शतकाच्या प्रारंभी अनेक बेसबॉलपटूंची कृष्णधवल छायाचित्रे टिपली. त्यांपैकी एकात मधोमध भांग पाडलेला, भरदार खांद्यांचा एक तरुण आहे. पुढे १९०९ मध्ये अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांत घालण्यासाठी खेळाडूंची रंगीत चित्रे काढवून घेतली, तेव्हा हेच छायाचित्र चित्रकारासमोर होते. मूळच्या करड्या छटांच्या जागी केशरी पार्श्वभूमी आली, गालांवर गुलाबी झाक चढली. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र छपाई करून चित्र पूर्ण करण्याचे हे शिळाछापाचे तंत्र होते. मळवलीच्या रविवर्मा छापखान्यातील देवादिकांची चित्रे याच तंत्राने आपल्याकडे घराघरांत पोहोचली. मात्र या चित्रातल्या माणसाला ते नको होते. त्याचे नाव होनस वॅग्नर.

२४ फेब्रुवारी १८७४ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्गजवळच्या खाणकामगारांच्या वस्तीत, एका जर्मन स्थलांतरिताच्या घरी त्याचा जन्म झाला. वयाच्या बाराव्या वर्षी शाळा सोडून तो वडील आणि भावांसोबत कोळशाच्या खाणीत राबू लागला. उरलेल्या वेळात भावंडांचा बेसबॉल चाले. थोरला भाऊ अल्बर्ट याच्या शिफारशीमुळे त्याला व्यावसायिक संघाचे दार उघडले. १८९७ मध्ये तो लुईव्हिलकडून राष्ट्रीय लीगमध्ये उतरला आणि १९०० पासून पिट्सबर्ग पायरेट्सचा झाला.

दिसायला तो खेळाडू वाटत नसे. पाय धनुष्यासारखे वाकलेले, हात लांब, पंजे प्रचंड. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधील ‘शॉर्टस्टॉप’ या अवघड जागेवर त्याच्या तोडीचा क्षेत्ररक्षक विरळा होता. फलंदाजीच्या सरासरीत तो राष्ट्रीय लीगमध्ये आठ वेळा अव्वल ठरला. कारकिर्दीत त्याने ३,४०० हून अधिक यशस्वी फटके मारले आणि ७०० हून अधिक बेस चोरले.

स्वतःच्या प्रतिमेविषयी मात्र तो कमालीचा संकोची होता. १९०३ च्या पहिल्या जागतिक मालिकेत पिट्सबर्ग संघ बॉस्टनकडून हरला. वॅग्नरला २७ प्रयत्नांत सहाच यशस्वी फटके मारता आले आणि क्षेत्ररक्षणात त्याच्या हातून सहा चुका झाल्या. हे शल्य इतके खोल होते, की पुढच्या वसंतात विजेत्या फलंदाजांच्या दालनासाठी त्याची तसबीर मागण्यात आली, तेव्हा आपण त्या मानास पात्र नाही असे सांगून त्याने ती पाठवली नाही. १९०९ मध्ये टाय कॉबच्या डेट्रॉईट संघाला नमवून पायरेट्सने जागतिक मालिका जिंकली आणि हे ऋण फिटले.

सिगारेटच्या चित्रांचा प्रसंग त्याच सुमाराचा. वॅग्नरची परवानगी मिळवून दिल्यास दहा डॉलर देण्याचे कंपनीने पिट्सबर्गचे क्रीडा पत्रकार जॉन ग्रुबर यांना कबूल केले होते. वॅग्नरने नकार दिला. त्यामुळे ग्रुबर यांचे नुकसान होऊ नये म्हणून दहा डॉलरचा धनादेशही त्याने स्वतःच पाठवला. मुलांनी चित्रांच्या मोहाने तंबाखू विकत घ्यावी, हे त्याला मान्य नव्हते असे सांगतात. हा माणूस स्वतः तंबाखू चघळत असे आणि त्याआधी एका सिगार उत्पादकासाठी त्याचे चित्र वापरलेही गेले होते, हे खरे. त्यामुळे मोबदल्याचा प्रश्न असावा, असेही काहींना वाटते. हेतू कोणताही असो, आपला चेहरा कोणत्या मालासोबत विकला जावा हे ठरवण्याचा अधिकार त्याने बजावला. त्याचे चित्र मालिकेतून काढून घेण्यात आले, तोवर थोड्याच प्रती बाहेर गेल्या होत्या.

१९१७ मध्ये खेळातून निवृत्त झालेला वॅग्नर १९३३ ते १९५१ या काळात पायरेट्सचा प्रशिक्षक होता. १९३६ मध्ये बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’साठी निवडलेल्या पहिल्या पाच जणांत त्याचा समावेश झाला. त्या दालनात आपल्या प्रतिमेला जागा मिळणे त्याने नाकारले नाही. एप्रिल १९५५ मध्ये पिट्सबर्गमध्ये त्याचा पुतळा उभारण्यात आला आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

दीड इंच रुंद आणि जेमतेम अडीच इंच उंच अशा त्या रंगीत चित्राच्या आता साठेक प्रतीच ज्ञात आहेत. संग्राहकांच्या बाजारात त्यांच्याइतका मान क्वचितच कुठल्या चित्राला असेल. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांतील एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली. ती इतकी दुर्मीळ झाली, कारण तिच्यातल्या माणसाने पदरचे दहा डॉलर देऊन नकार दिला होता.