विश्लेषण : लोकमान्य टिळक खानदेशाचेही ‘आमदार’ होते? दुष्काळात त्यांनी मतदारसंघाला काय सांगितले?

लोकमान्य टिळक म्हटले की मंडालेचा तुरुंग, गणेशोत्सव आणि ‘केसरी’ आठवतो. पण १८९५ ते १८९७ या काळात टिळक मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाचे सदस्य होते आणि त्यांच्या मतदारसंघात खानदेश जिल्हाही येत होता, हे फारसे सांगितले जात नाही. आजचा नंदुरबार जिल्हा त्याच खानदेशाच्या पश्चिम टोकाला होता. त्या काळात दुष्काळ पडला आणि या लोकप्रतिनिधीने सरकारचेच नियम मराठीतून लोकांपर्यंत पोहोचवले. त्यातून सरकार आणि टिळक यांच्यात जो संघर्ष पेटला, त्याचा हा मागोवा.

टिळक कायदेमंडळात कसे पोहोचले?

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. १८६६ मध्ये कुटुंब पुण्यात आले. टिळक १६ वर्षांचे असताना वडील वारले. डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन ते पदवीधर झाले आणि १८७९ मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा दिली.

वकिली किंवा सरकारी नोकरी सहज मिळाली असती. पण १८८० मध्ये त्यांनी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि गोपाळ गणेश आगरकर यांच्यासोबत न्यू इंग्लिश स्कूलच्या कामात उडी घेतली. जानेवारी १८८१ मध्ये मराठी ‘केसरी’ आणि इंग्रजी ‘मराठा’ ही पत्रे निघाली. कोल्हापूर संस्थानच्या कारभाऱ्यावर केलेल्या लिखाणाबद्दल १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुढे १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. त्यानंतर ‘केसरी’ हेच त्यांचे मुख्य साधन झाले.

दरम्यान, १८९२ च्या कायद्याने प्रांतिक कायदेमंडळांत थोडा बदल झाला होता. नगरपालिका, लोकल बोर्ड, विद्यापीठ अशा संस्थांनी नाव सुचवायचे आणि गव्हर्नरने नेमणूक करायची, अशी पद्धत सुरू झाली. १८९५ मध्ये मध्य विभागातील लोकल बोर्डांच्या जागेवर टिळक निवडून आले.

हा मतदारसंघ केवढा होता?

मध्य विभागात पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर, नाशिक आणि खानदेश हे जिल्हे होते. म्हणजे आजच्या हिशेबाने कित्येक लोकसभा मतदारसंघ एकाच सदस्याकडे. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ मध्ये झाले. पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. नंदुरबार, तळोदा, शहादा हे तालुके टिळकांच्या काळी अखंड खानदेशात होते. आजच्या अक्कलकुवा तालुक्यातील काठीसारख्या मेवासी संस्थानांचा कारभार मात्र वेगळा चाले.

मतदारसंघ मोठा असला, तरी मतदार मूठभर होते. सामान्य शेतकरी टिळकांना मत देत नव्हता. मत होते ते बोर्डांवरील सदस्यांना आणि तिथवर पोहोचणारे बहुतेक जमीनदार, वकील, व्यापारी किंवा इनामदार असत. सातपुड्यातल्या पाड्यावरच्या माणसाला तर आपला कोणी प्रतिनिधी मुंबईत बसतो, याचा पत्ताही नसणार.

सदस्याला अधिकार कोणते होते?

फारच थोडे. तो प्रश्न विचारू शकत होता, पण उत्तर आल्यावर उपप्रश्न विचारता येत नसे. अंदाजपत्रकावर बोलता येई, पण त्यावर मतदान नसे. सभागृहात सरकारी बाजूचेच बहुमत असे. सदस्य कितीही अभ्यासू असला, तरी तेथून सरकारचा एक रुपयाही इकडचा तिकडे करणे त्याच्या हातात नव्हते.

अशा सभागृहात दोनच गोष्टी करता येण्यासारख्या होत्या. एक, सरकारकडून माहिती काढून घेणे. दुसरी, ती माहिती लोकांना सांगणे. टिळकांकडे दुसऱ्या कामासाठी ‘केसरी’ होता. दर मंगळवारी निघणारे हे पत्र टपालाने तालुक्याच्या गावी पोहोचे. तापी खोऱ्यातील रेल्वे तेव्हा आलेली नव्हती, त्यामुळे नंदुरबारकडे येणारा अंक उशिरानेच येई. वाचता येणारे थोडे, पण एक जण मोठ्याने वाची आणि बाकीचे पारावर किंवा दुकानाच्या ओट्यावर बसून ऐकत.

१८९६ मध्ये काय घडले?

त्या वर्षी पावसाने मध्येच ओढ दिली. दख्खनमध्ये पिके गेली, खानदेशाच्या काही भागांनाही झळ बसली. धान्याचे भाव चढले. पण सरकारी शेतसाऱ्याचा हप्ता ठरल्या तारखेला भरायचाच होता. तो भरण्यासाठी शेतकरी बैल विकत होते, भांडीकुंडी सावकाराकडे टाकत होते.

खरे तर अशा वेळेसाठी सरकारचेच नियम तयार होते. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारने दुष्काळ आयोग नेमला. १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ निवारण संहिता म्हणजे ‘फॅमिन कोड’ तयार झाले. प्रत्येक प्रांताने आपापले कोड केले.

कोडमध्ये काय होते?

पीक बुडण्याची चिन्हे दिसताच गावकामगारांनी वर कळवायचे. गरज आहे का हे पाहण्यासाठी आधी चाचणीची कामे काढायची. मग रस्ते, तलाव, खडी फोडणे अशी मोठी कामे सुरू करायची. मजुरी धान्याच्या भावाशी जोडलेली ठेवायची, म्हणजे ज्वारी महागली की मजुरीही वाढेल. म्हातारे, आजारी, काम करू न शकणारे यांना फुकट शिधा द्यायचा. याशिवाय पीक बुडालेल्या भागात शेतसाऱ्याची वसुली तहकूब करण्याची आणि तगाई कर्ज देण्याची तरतूदही सरकारी नियमांत होती.

अडचण एवढीच, की हे सगळे इंग्रजीत आणि अधिकाऱ्यांच्या कपाटात होते. ज्याच्यासाठी नियम केले, त्यालाच ते माहीत नव्हते. मामलेदाराने हप्ता मागितला की शेतकरी भरणार, कारण तहकुबी मागता येते हेच त्याच्या कानावर गेलेले नव्हते.

टिळकांनी नेमके काय केले?

त्यांनी नवा कायदा मागितला नाही. आहे तोच कायदा लोकांपुढे मांडला. ‘केसरी’तून कोडमधील तरतुदी सोप्या मराठीत समजावून सांगितल्या. पुण्याची सार्वजनिक सभा १८९५ पासून टिळकांच्या गटाच्या ताब्यात होती. सभेने माहितीची पत्रके छापून वाटली. कार्यकर्ते गावोगावी गेले, सभा घेतल्या, पिकांची स्थिती नोंदवली आणि अर्ज लिहून दिले.

लोकांना सांगितले गेले ते साधे होते. पीक गेले असेल तर कर्ज काढून किंवा गुरे विकून सारा भरू नका, तहकुबीसाठी अर्ज करा. काम नसेल तर कलेक्टरकडे काम मागा. धान्याची दुकाने लुटू नका, त्याने आपलेच नुकसान होईल. हक्काचे आहे ते सरकारकडे मागा. सोलापूर आणि नगरच्या विणकरांचे माग बंद पडले, तेव्हा त्यांना त्यांच्या धंद्यातलेच काम मिळावे, खडी फोडायला लावू नये, यासाठीही टिळकांनी प्रयत्न केले. व्यापाऱ्यांना गाठून स्वस्त धान्याची दुकाने काढण्याचा मार्गही त्यांनी धरला.

सरकार का चिडले?

कायदा सांगणे हा गुन्हा नव्हता. पण शेकडो शेतकरी एकत्र येऊन कायद्याचे नाव घेऊन अधिकाऱ्याला प्रश्न विचारू लागले, हे सरकारला नवीन होते. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत सभेच्या कार्यकर्त्यांवर कारवाई झाली, खटले भरले गेले. सरकारचे म्हणणे असे, की तहकुबी म्हणजे माफी नव्हे; हे लोक सारा माफ झाल्याच्या वावड्या उठवून शेतकऱ्यांना भडकवतात. काही ठिकाणी उत्साहाच्या भरात तहकुबी आणि माफी यांतील रेषा पुसट झाली, हेही खरे. पण दुसऱ्या बाजूला पीक बुडाले असताना वसुली चालू होती, हेही तितकेच खरे होते.

१८९७ मध्ये सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. सरकारी धोरणावर निवेदने देण्याचा तिचा अधिकार सरकारने नाकारला. लोकांचे म्हणणे वर नेणारी २७ वर्षे जुनी वाट अशी बंद झाली.

मग सदस्यत्वाचे काय झाले?

दुष्काळ चालू असतानाच पुण्यात प्लेग आला. प्लेग कमिटीचे प्रमुख रँड यांच्या सोल्जरांकडून झालेल्या घरझडत्यांनी शहर संतापले. टिळक शहरातच राहिले, रुग्णालय चालवण्यास मदत केली आणि झडत्यांवर टीकाही केली. १८९७ मध्ये ते कायदेमंडळावर पुन्हा निवडून आले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्यानंतर महिनाभरात, २७ जुलैला टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. आरोप ‘केसरी’तील शिवाजी उत्सवासंबंधीच्या मजकुरावर आधारलेला होता.

ज्युरीतील सहा युरोपियनांनी त्यांना दोषी ठरवले, तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष. १४ सप्टेंबरला १८ महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. टिळकांनी कायदेमंडळाचे सदस्यत्व सोडले आणि पुन्हा त्या सभागृहात ते कधी बसले नाहीत. ६ सप्टेंबर १८९८ रोजी त्यांची सुटका झाली. मध्य विभागाच्या त्याच जागेवर १८९९ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले आले.

टिळकांची पुढील वाटचाल सर्वपरिचित आहे. १९०८ मध्ये पुन्हा राजद्रोहाचा खटला, मंडालेत सहा वर्षे, १९१४ मध्ये सुटका, १९१६ मध्ये होमरूल लीग आणि लखनौ करार. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

या कामगिरीच्या मर्यादा कोणत्या?

टिळकांचा आवाज पोहोचला तो मराठी वाचणाऱ्या-ऐकणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत. भिली, पावरी, मावची बोलणाऱ्या वस्त्यांपर्यंत पत्रक पोहोचणे अवघड होते. तिथे अनेकांच्या नावावर जमीनच नव्हती, मग साऱ्याची तहकुबी कसली मागणार? तीनच वर्षांनी, १८९९-१९०० मध्ये छप्पन्नाचा दुष्काळ आला, तेव्हा खानदेश आणि गुजरातेतील आदिवासी भागांना त्याचा जबर तडाखा बसला.

सामाजिक प्रश्नांवर टिळक सनातनी बाजूला राहिले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी विरोध केला. १९१७ मध्ये अथणीच्या सभेत तेली, तांबोळी, कुणबी यांचे कायदेमंडळात काय काम, अशा अर्थाचे त्यांचे भाषण झाले आणि त्यावर टीका झाली. ज्या कुणब्याला त्यांनी २० वर्षांपूर्वी कायदा समजावून सांगितला, त्यानेच कायदा करायला बसावे, हे त्यांना पटले नव्हते. आज नंदुरबार लोकसभेची जागा आणि जिल्ह्यातील विधानसभेच्या चारही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. टिळकांना जी पायरी मान्य नव्हती, ती संविधानाने ओलांडली.

आज याचा संबंध काय?

पीक आण्यांत मोजण्याची आणेवारी आज पैसेवारी झाली आहे. नजर, सुधारित आणि अंतिम अशा टप्प्यांनी ती जाहीर होते. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर आलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने हक्क बनली. २००५ मध्ये देशपातळीवर तसा कायदा झाला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या पहिल्याच टप्प्यात नंदुरबार जिल्हा होता. फॅमिन कोडमध्ये काम देणे सरकारच्या मर्जीवर होते. या कायद्यांत काम मागणे हा माणसाचा हक्क झाला.

तरीही दर दिवाळीनंतर धडगाव, अक्कलकुवा, नवापूरकडची कुटुंबे ऊसतोडीसाठी आणि मजुरीसाठी गुजरातकडे निघतात. त्यांतल्या किती जणांना मागणी अर्जाचा नमुना, त्याची पोचपावती आणि काम न मिळाल्यास भत्त्याची तरतूद माहीत असते? ग्रामसभेत हे सांगितले जाते का, आणि कोणत्या भाषेत?

लोकप्रतिनिधीने मतदारसंघाला काय सांगावे, याचे एक उत्तर १८९६ मध्ये मिळाले होते. सभागृहात ज्याला अंदाजपत्रकावर मतदानाचाही अधिकार नव्हता, अशा सदस्याने सरकारचेच नियम लोकांच्या भाषेत लोकांपुढे ठेवले होते. आजच्या सदस्यांना मताचा अधिकार आहे, निधी आहे, हातात मोबाइलही आहे. पुढच्या वेळी आमदार किंवा खासदार गावात आले, तर आपल्या तालुक्याची पैसेवारी किती लागली आणि कामाचे किती अर्ज प्रलंबित आहेत, एवढे दोन प्रश्न त्यांना विचारायला हरकत नाही.