दगड वाचणारे हिस्लॉप

आमच्या घरी दगडाची ओळख ब्रासच्या भावानेच. मुरबाडकडच्या खाणीवर खडी फोडण्यात वडिलांचे आयुष्य गेले. दगड वाचताही येतो, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. नागपुरात राहून तो वाचणारे स्टीफन हिस्लॉप हेही एका गवंड्याचेच चिरंजीव.

१८१७ साली स्कॉटलंडमधील डन्स गावी त्यांचा जन्म झाला. १८४५ साली मिशनरी म्हणून ते नागपुरास आले. तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. भूगर्भशास्त्र हा काही त्यांचा पेशा नव्हता.

१८५१ साली सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह टाकळीकडे फिरायला गेले असता त्यांना दगडात गोड्या पाण्यातील गोगलगायीचा शंख दिसला. लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्यातला जीव! म्हणजे एक थर निवल्यावर तेथे पाणी साचले, जीव वाढले आणि मग पुन्हा लाव्हा आला. आपली माहुली नि माळशेजचे कडे त्याच लाव्हाचे आहेत.

पुढे मांगलीच्या दगडातील एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी त्यांनी लंडनला पाठविली. १८५५ साली रिचर्ड ओवेन यांनी तिचे वर्णन केले. मध्य भारतात सापडलेल्या सरीसृपांच्या हाडांवरील हिस्लॉप यांचा निबंध १८६४ साली प्रसिद्ध झाला, पण तो पाहायला ते नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना पुराच्या ओढ्यात ते बुडाले.

प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातील कोटा येथील थरांतून १९७४ साली एका उडत्या सरीसृपाची नोंद झाली. अशा प्राण्यांची पोकळ, नाजूक हाडे क्वचितच टिकतात. अवशेष इतके थोडे की ते उडत्या सरीसृपाचेच का, अशी शंका पुढे तज्ज्ञांनी घेतली. दगड वाचताना घाई चालत नाही.

हिस्लॉप धर्मप्रसारासाठी आले, हे खरेच. पण गोंडांविषयीची त्यांची टिपणे १८६६ साली छापली गेली, आणि १८८३ साली निघालेले नागपूरचे कॉलेज आजही त्यांचे नाव सांगते.

हे सारे मी वडिलांना सांगितले. काळ्या थरांमध्ये लाल मातीचा पट्टा लागतो, हे त्यांना कधीचेच ठाऊक होते. तो पट्टा म्हणजे दोन लाव्हांमधला विसाव्याचा काळ, एवढेच त्यांना कोणी सांगितले नव्हते.