माधोदासाचा 'बंदा' झाला

आज विजयादशमी, सीमोल्लंघनाचा मंगल दिवस. नांदेडच्या श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यातून आज हल्लाबोलाची मिरवणूक निघते. त्याच नगरीत, गोदामाईच्या तीरी, १७०८ साली एका बैराग्याने निराळे सीमोल्लंघन केले. त्याने आपले नाव ओलांडले. त्या महापुरुषाचे चरित्र आजच्या पर्वकाळी आठवावे.

जम्मूकडील राजौरी येथे १६७० मध्ये त्याचा जन्म झाला. मातापित्यांनी नाव ठेवले लछमन देव. तरुणपणी तो मृगयेत रमे. एके दिवशी त्याच्या बाणाने गर्भिणी हरिणी पडली आणि तिची पाडसेही डोळ्यांदेखत गतप्राण झाली, असे परंपरा सांगते. त्या घटनेने त्याचे मन संसारातून उठले. वैष्णव बैराग्यांची दीक्षा घेऊन तो माधोदास झाला. जांबेचे नारायण ज्याप्रमाणे रामदास झाले, त्याप्रमाणेच हेही दास्यभावाचे नाव. नाशिकच्या पंचवटीत योगसाधना करून तो नांदेडला मठ करून राहिला. सिद्धी आल्या, शिष्य जमले; पण सिद्धींबरोबर अहंकारही आला. नावात दास होता, वृत्तीत नव्हता.

अशा वेळी गुरू गोविंदसिंग नांदेडला आले. त्यांच्या दर्शनाने हा गर्व गळाला आणि माधोदास शरण गेला. गुरूंनी त्याला अमृत देऊन खालसा पंथात घेतले. पुढे तो बंदा सिंग या नावाने विख्यात झाला. बंदा म्हणजे सेवक. पूर्वीच्या नावाचाच अर्थ गुरुकृपेने आता खरा झाला!

या पंथात नामकरणाचे महत्त्व किती, हे जाणून घेण्याजोगे आहे. आपल्या ठाणे-कल्याणकडील घरांत बारशाला पंचांग पाहतात, नक्षत्राच्या चरणावरून अक्षर निघते आणि आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. याच परिसरातील शीख कुटुंब बाळाला घेऊन गुरुद्वाऱ्यात जाते. तेथे अरदास करून गुरू ग्रंथ साहिब उघडतात. डाव्या पानावर आरंभी जे पद येते, त्याचे आद्याक्षर घेऊन नाव ठरते. पुष्कळ नावे मुलाला आणि मुलीला सारखीच चालतात. पुढे मुलाला सिंग आणि मुलीला कौर हे पद जोडतात. १६९९ च्या वैशाखीला आनंदपूर येथे खालसा स्थापन झाला, तेव्हा स्वतः गुरूही गोविंदरायाचे गोविंदसिंग झाले. कुळ आणि जात सांगणारी उपनावे त्या एका शब्दात विरून जावीत, हा त्यामागील हेतू. नक्षत्र असो वा ग्रंथ, नाव ही आपल्या हौसेची वस्तू नसून वरून लाभलेला प्रसाद आहे, हा भाव उभयत्र एकच.

प्रसाद मिळाला की तो जपावाही लागतो. गुरूंनी दिलेले पाच बाण, निशाण, नगारा आणि पंजाबातील शिखांच्या नावे आज्ञापत्रे घेऊन बंदा सिंग उत्तरेस निघाला. ज्या सरहिंदच्या सुभेदाराने गुरूंच्या दोन कोवळ्या पुत्रांचा वध करविला होता, त्याचा मे १७१० मध्ये रणात अंत झाला. जमीनदारी मोडून बंदा सिंगाने कसणाऱ्यांना भूमीचे स्वामित्व दिले. लोहगड राजधानी झाली, नाणे पाडले गेले. परंतु त्या नाण्यावर बंदा सिंगाचे नाव नव्हते! ते गुरू नानक आणि गुरू गोविंदसिंग यांच्या नावे होते. राज्य हाती असता ज्याने आपले नाव मागे ठेवले, त्यालाच बंदा हे नाव शोभले.

डिसेंबर १७१५ मध्ये, गुरदास नंगल येथील दीर्घ वेढ्यानंतर तो मोगलांच्या हाती सापडला. ७०० हून अधिक अनुयायांसह त्याला दिल्लीस नेण्यात आले. धर्म सोडल्यास जीवदान होते. त्याने ते नाकारले. त्याच्या बालपुत्राला त्याच्यासमोर मारण्यात आले. ९ जून १७१६ रोजी अनन्वित यातना सोसून त्यानेही देह ठेवला. मृत्यूच्या दारी नाव बदलून जीव वाचत असता त्याने नाव राखले आणि जीव दिला.

गोदातीरीचा बंदा घाट गुरुद्वारा आजही त्याची स्मृती जागवीत उभा आहे. वाचकहो, आपल्या पाळण्यांतूनही राम, कृष्ण, सीता, सावित्री ही नावे घेतली जातात. आज सोने लुटताना प्रत्येकाने आपले नाव एकदा मनाशी उच्चारावे आणि त्याच्या अर्थाला आपण किती जागलो, हे स्वतःस विचारावे. तेच खरे सीमोल्लंघन होय.