शिवकर बापूजी तळपदे

शिवकर बापूजी तळपदे (इ.स. १८६४ – इ.स. १९१६) हे मुंबईतील कलाशिक्षक, संस्कृतचे अभ्यासक आणि विमानविद्येचे जिज्ञासू होते. इ.स. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर 'मरुत्सखा' हे मानवरहित विमान उडविल्याचे सांगितले जाते. या उड्डाणाला विश्वसनीय समकालीन पुरावा उपलब्ध नाही.

जीवन

तळपदे यांचा जन्म पाठारे प्रभू समाजात झाला. त्यांचे शिक्षण सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत झाले व पुढे त्यांनी तेथेच अध्यापन केले. चिरंजीलाल वर्मा या शिक्षकांमुळे त्यांना प्राचीन विमानविद्येची गोडी लागली. स्वामी दयानंद सरस्वतींच्या 'ऋग्वेदादिभाष्यभूमिका' या ग्रंथाचा त्यांनी अभ्यास केला. वेदांतील काही ऋचांतून दयानंदांनी लावलेला यंत्रविद्येचा अर्थ तळपदे यांना मार्गदर्शक वाटला. 'मरुत्सखा' म्हणजे वाऱ्याचा सखा. हा शब्द ऋग्वेदात सरस्वतीच्या वर्णनात येतो.

मरुत्सखा

प्रचलित कथनानुसार हे यान बांबूच्या सांगाड्याचे होते व काही अंतर वर जाऊन ते खाली कोसळले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व महाराजा सयाजीराव गायकवाड हे त्या वेळी उपस्थित असल्याचे या कथनात सांगतात. यानात पाऱ्याचा वापर झाल्याचाही उल्लेख येतो; तथापि पाऱ्याच्या बळावर असे यान उडू शकेल, असे कोणत्याही प्रयोगाने सिद्ध झालेले नाही.

समकालीन प्रयत्न

त्या काळी अनेक देशांत असे प्रयोग चालू होते. जर्मनीत ऑटो लिलिएंथाल इ.स. १८९१ पासून ग्लायडर उडवीत होते. अमेरिकेत सॅम्युएल लँग्ली यांच्या वाफेवर चालणाऱ्या मानवरहित प्रतिकृतीने इ.स. १८९६ मध्ये सुमारे एक किलोमीटर उड्डाण केले. मात्र त्यांचे माणूस वाहून नेणारे मोठे यान इ.स. १९०३ मध्ये अयशस्वी ठरले. प्रतिकृती दुप्पट केली की पंखांचे क्षेत्रफळ चौपट, तर वजन सुमारे आठपट होते. त्यामुळे लहान यान उडाले तरी मोठे उडेलच असे नाही. राइट बंधूंच्या द्विपंखी विमानाने १७ डिसेंबर १९०३ रोजी १२ सेकंदांचे पहिले उड्डाण केले. अमेरिकी सैन्याने इ.स. १९०९ मध्ये त्यांचे द्विपंखी विमान विकत घेतले.

मूल्यमापन

तळपदे यांचे नाव अनेकदा 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाशी जोडले जाते. सुब्बराय शास्त्री यांनी हा ग्रंथ इ.स. १९१८ ते १९२३ या काळात सांगितला. म्हणजे १८९५ नंतर दोन दशकांहून अधिक काळाने. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी इ.स. १९७४ मध्ये त्यातील विमाने उडण्यास असमर्थ असल्याचा निष्कर्ष काढला.

राइट बंधूंच्या आधी भारतात विमान उडाले, हा दावा यामुळे इतिहास म्हणून स्वीकारला जात नाही. उड्डाणाचा ध्यास घेतलेले कलाशिक्षक म्हणून मात्र तळपदे यांचे नाव लोकस्मृतीत टिकून आहे. त्यांच्या जीवनावर आधारित 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपट इ.स. २०१५ मध्ये प्रदर्शित झाला.