वाटाण्यांचा हिशेब

शेतकरी कुटुंबात 1822 साली जन्मलेल्या ग्रेगोर मेंडेल या पाद्र्यास शिक्षकाची परीक्षा दोनदा देऊनही उत्तीर्ण होता आले नाही. परंतु ब्रनोच्या मठातील बागेत त्याने आठ वर्षे वाटाणे मोजले. एका प्रयोगाच्या दुसऱ्या पिढीत 5,474 दाणे गोल व 1,850 सुरकुतलेले निघाले, म्हणजे जवळजवळ तिनास एक. या प्रमाणाचे मोल 1884 मध्ये तो वारला तोवर फारसे कोणी ओळखले नाही. 1900 साली ते जगास उमगले.

विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील सौंसर भागात सिकलसेलच्या आजाराला हाच हिशेब लागू पडतो. आईबाप दोघेही वाहक असल्यास अपत्य आजारी निपजण्याची शक्यता एकचतुर्थांश. एक आजारी झाले, आता पुढची तिघे सुटली, हा समज मात्र घातक. मेंडेलला दाणे हजारोंनी मोजता आले. घरात प्रत्येक खेपेस तोच चतुर्थांश नव्याने उभा राहतो.