सर जॉर्ज गेब्रियल स्टोक्स

हिवतापावरील कोयनेलाची कडू चव आपल्या खानदेशांतील जुन्या पिढीस चांगली ठाऊक होती. त्याच कोयनेलाच्या पाण्यांत प्रकाशाचें एक गूढ दडलेलें होतें. तें ज्यांनीं उकललें, त्या सर जॉर्ज गेब्रियल स्टोक्स यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहों.

स्टोक्स यांचा जन्म ता. १३ ऑगस्ट १८१९ रोजीं आयर्लंडांतील स्लायगो परगण्यांत, स्क्रीन या खेड्यांत झाला. वडील तेथील मंडळीचे पाळक होते. सर्व भावंडांत जॉर्ज धाकटे. १८३४ सालीं पितृछत्र हरपलें, तरी विद्याभ्यास खंडला नाहीं. १८४१ सालीं केंब्रिज येथील गणिताच्या परीक्षेंत ते पहिले आले, आणि १८४९ सालीं, ज्या आसनावर पूर्वीं न्यूटन बसले होते, तें अध्यापकपद त्यांस मिळालें. मान मोठा, पण वेतन तुटपुंजें. म्हणून लंडनच्या खाणशास्त्राच्या शाळेंतही त्यांस शिकवावें लागे.

कोयनेलाचें आम्लयुक्त पाणी स्वच्छ व बिनरंगी असूनही उन्हांत धरलें असतां वरच्या थरांत निळी झांक मारतें, हें जॉन हर्शेल यांनीं १८४५ सालीं नमूद केलें होतें. कारण मात्र उमगलें नव्हतें. स्टोक्स यांनीं खोलींत अंधार करून एका फटींतून सूर्यकिरण आंत घेतले, लोलकानें त्यांचे रंग पसरले, आणि कोयनेलाची नळी एकेका रंगांतून सरकवीत नेली. तांबडा, पिवळा, हिरवा या रंगांत कांहींच घडलें नाहीं. पण जांभळ्याच्याही पलीकडे, जेथें डोळ्यांस केवळ अंधार दिसतो, तेथें जातांच नळी निळ्या तेजानें उजळली! अदृश्य किरण शोषून घेऊन तो पदार्थ दृश्य प्रकाश बाहेर टाकीत होता. १८५२ सालीं त्यांनीं हा शोध प्रसिद्ध केला व फ्लुओरस्पार या खनिजावरून या गुणास फ्लुओरेसन्स असें नांव दिलें. मराठींत त्यास प्रतिदीप्ति म्हणतात. त्या पाण्यांत साधें मीठ टाकलें असतां तेज मावळतें, हेंही त्यांच्या नजरेंतून सुटलें नाहीं. पाण्यांत काय विरघळलें आहे तें तेजावरून ओळखतां येतें, याची ही पहिली चाहूल होय.

१८६७ सालीं स्विस रसायनशास्त्रज्ञ गोपल्सरोडर यांनीं हीच वाट धातूंकडे नेली. मोरिन नांवाच्या वनस्पतिज रंगद्रव्यास ॲल्युमिनियम भेटतांच तें हिरवें तेज देतें, असें त्यांनीं दाखविलें. आजच्या संवेदक द्रव्यांचें तत्त्वही हेंच: रेणूचा एक भाग धातूचा आयन पकडतो, दुसरा तेज देतो, पकड बसतांच तेज उजळतें किंवा विझतें. पाण्यांतील शिसें अथवा पारा रंगावरून वा चवीवरून कळत नाहीं. म्हणूनच या विद्येचें मोल थोर आहे. जळगांवच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठांतील संशोधकांनींही अशीं द्रव्यें तयार केलीं आहेत.

स्टोक्स यांचा स्वभाव त्यांच्या विद्येइतकाच चिंतनीय आहे. रॉयल सोसायटीचे चिटणीस म्हणून १८५४ पासून ३१ वर्षें त्यांनीं इतरांचे निबंध तपासण्यांत आपला अमोल वेळ खर्चिला. स्वतःचें लेखन मागें पडलें. सूर्याच्या वर्णपटांतील काळ्या रेषांचा उलगडा त्यांनीं आपले मित्र विल्यम थॉमसन यांस खाजगी रीतीनें सांगितला होता. पण १८५९ सालीं किर्खोफ यांनीं तो प्रसिद्ध केला. मित्रांनीं श्रेय स्टोक्स यांस द्यावयाचें म्हटलें, तेव्हां त्यांनीं तें नाकारलें. आपण विचार पुरता तडीस नेला नव्हता, अशी त्यांची प्रांजल भूमिका होती.

ता. १ फेब्रुवारी १९०३ रोजीं केंब्रिज येथें त्यांचें देहावसान झालें. तोंवर अध्यापकपद त्यांच्याकडेच होतें. विद्यार्थिमित्रहो, रंग संपले तेथें प्रयोग संपला असें मानून त्यांनीं नळी बाजूस ठेविली असती, तर तें तेज त्यांस दिसलें नसतें. प्रयोगशाळेंत वहींत कांहीं घडलें नाहीं असें लिहिण्यापूर्वीं आपणही नळी आणखी थोडी पुढें सरकवून पाहावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.